पंगतीतले पाय

पंगतीत वाढायला उभं राहिलं की माणसांचे चेहरे कमी आणि पाय जास्त दिसतात. मे महिन्यात अमळनेरजवळच्या एका गावात नात्यातलं लग्न होतं. बट्टीची परात पुतण्याकडे, वरणाची बादली माझ्याकडे. वाकून वरण ओतायचं, दोन पावलं सरकायचं, पुन्हा वाकायचं. समोर मांडी घालून बसलेल्यांची नुसती रांग.

आप्पांच्या बाहेरच्या घोट्यावर रुपयाएवढा काळा, खरखरीत डाग. त्यांच्या शेजारी जळगावात हॉटेलात आचारी असलेला एक पाहुणा. त्याच्या दोन्ही घोट्यांच्या वर तपकिरी मोजा चढवल्यासारखा पट्टा. पुढे शिरपूरकडची एक सून, पदराखाली पाय झाकून घेत होती. अंगठ्याच्या बेचक्यातून निघून दोन्हीकडे गेलेल्या दोन दुधासारख्या पांढऱ्या रेघा, अगदी हवाई चपलेच्या पट्ट्यासारख्या. तिला कुणीतरी विचारलंच, "काय व्हयनं पायले?" ती काही बोलायच्या आत उत्तरं दुसऱ्यांनीच दिली. एकीनं वज्रीनं घासायला सांगितलं, दुसरीनं लिंबू चोळायला, तिसरीनं दूध-मासे एकत्र खाल्लेस का म्हणून विचारलं.

एकाच रांगेतले तीन पाय आणि तिघांचे रंग बदलण्याची कारणं एकमेकांशी नातं नसलेली. तिघांनाही सल्ला मात्र एकच मिळत होता, घास. तो तिघांनाही चुकीचा होता. का, ते कळायला आधी पायाचा रंग मुळात असतो कुठे ते पाहावं लागतं.

रंग असतो कुठे?

काही रंग नुसते वरून लागलेले असतात. रावेर-यावलकडे केळीचे घड उतरवणाऱ्यांना हे सांगायला नको. घडाचा दांडा कापला की निघणारा चीक पाण्यासारखा दिसतो आणि हवा लागली की तपकिरी-काळा होतो. चिरून ठेवलेलं वांगं काळं पडतं, त्याच जातीची ही क्रिया. कपड्यावरचा तो डाग जन्मभर जात नाही; कातडीवरचा आठ-पंधरा दिवसांत जातो, कारण कातडीचा वरचा थर रोज झडत असतो. चांदीच्या जोडव्याखाली बोटाला येणारं काळं कडंही असंच. घामातल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन ती काजळी धरते, साबणानं धुतली की निघते. बाजारातल्या खोट्या जोडव्यांचं तसं नाही. त्यांच्यात निकेल असेल तर काहींना त्याची ॲलर्जी होते, आधी खाज, मग पाणी, मग काळा डाग. हा डाग साबणानं जात नाही, कारण तो आतून आलेला असतो.

आतला रंग तयार करणाऱ्या पेशी वरच्या कातडीच्या अगदी तळाशी, एका ओळीत बसलेल्या असतात. त्यांना रंगपेशी म्हणू. त्या मेलॅनिन नावाचं काळं-तपकिरी द्रव्य बनवतात आणि त्याचे कण आजूबाजूच्या पेशींना वाटतात. एक रंगपेशी सुमारे ३६ पेशींना पुरवठा करते. गोऱ्या आणि सावळ्या माणसाच्या अंगावर रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते, फरक पडतो तो त्या किती आणि केवढे कण बनवतात त्यानं. ज्या पेशीला कण मिळतात ती ते आपल्या केंद्रकावर, उन्हात डोक्यावर उपरणं टाकावं तसे पसरून ठेवते. मेलॅनिनचं काम ते, सावली धरण्याचं. खानदेशात एप्रिल-मे मध्ये पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा चपलेच्या पट्ट्याखालची जागा उजळ आणि बाजूचा पाय काळा दिसतो तो यामुळे. ऊन टळलं की काही महिन्यांत दोन्ही सारखे होतात. त्यात रोग काही नाही.

पण रंगपेशीला ऊन आणि इजा यांतला फरक कळत नाही. डास चावला, खरूज झाली, चटका बसला, बूट चावला, कशानंही कातडी सुजली की ती जास्त कण बनवते. सूज मोठी असेल तर कातडीच्या तळाची ओळच फाटते आणि कण खालच्या थरात गळून पडतात. तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळतात आणि गिळून तिथेच बसून राहतात. वरच्या थरातला रंग महिना-दीड महिन्यात कातडी झडताना निघून जातो. खाली गळलेला महिनोन् महिने राहतो, कधी वर्षंही. भिंतीचा चुना खरवडता येतो, विटेत मुरलेली ओल खरवडता येत नाही. वज्रीचा घोळ नेमका इथे आहे. घासणं हीसुद्धा इजाच. आपण रंग काढायला घासतो आणि रंगपेशी घासण्याला उत्तर म्हणून आणखी रंग बनवते.

घोट्यावरचा रुपया

आप्पांचा डाग हा याच घासण्याचा, फक्त वज्रीऐवजी सतरंजीचा. मांडी घातली की पायाचा बराच भार बाहेरच्या घोट्यावर येतो. तिथे हाड आणि जमीन यांच्यामध्ये जेमतेम कातडीच असते, मांसाची गादी नाही. वर्षानुवर्षं भजनाला, दुकानाच्या गादीवर, जेवायला बसून कातडी जाड होते. जाड कातडीत मेलॅनिनही दाटतं. फरशी पुसणाऱ्या बाईच्या गुडघ्यावर आणि नमाज पढणाऱ्याच्या कपाळावर दिसतो त्याच कुळातला हा घट्टा. तो दुखत नाही, खाजत नाही. आंघोळीनंतर कातडी ओली असतानाच व्हॅसलीन, किंवा डॉक्टरांनी दिलेलं युरियाचं मलम, आणि बसताना घोट्याखाली गोधडीची घडी, एवढं पुरतं. आप्पांना मी हे सांगितलं. त्यांनी लगेच उपरण्याची घडी करून घोट्याखाली सरकवली.

बोटांच्या सांध्यांवर, पायाच्या आणि हाताच्याही, काळेपणा एकदम वाढला असेल, सोबत थकवा आणि मुंग्या असतील तर मात्र कारण वेगळं असू शकतं. जीवनसत्त्व बी-१२ कमी पडलं की असा रंग येतो. ते दूध, अंडी, मांस-मासे यांतून मिळतं. माळकरी किंवा जैन घरात दूधही बेताचं असेल तर ते हळूहळू कमी पडू शकतं. रक्ताची एक तपासणी, बी-१२ ची औषधं, आणि काळेपणा काही आठवड्यांत उतरायला लागतो. इतक्या सहज बरा होणारा काळेपणा वर्षभर लिंबानं घासत बसण्यात अर्थ नाही.

फूटव्हॉल्व गळतो तेव्हा

आचाऱ्याच्या पायावरचा तपकिरी पट्टा मेलॅनिनपेक्षा गंजाचा जास्त आहे. हे शब्दशः खरं आहे, आणि विहिरीवर मोटार असणाऱ्या कुणालाही लगेच कळेल असं आहे.

पाणी चढवणाऱ्या पाइपाच्या तळाशी फूटव्हॉल्व असतो. पाणी वर जाऊ द्यायचं, खाली येऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. तो गळायला लागला की मोटार बंद होताच पाइप रिकामा होतो. आपल्या पायात असा एक नाही, टप्प्याटप्प्यावर अनेक आहेत. हृदय रक्त खाली ढकलतं, पण पायातून ते पुन्हा वर आणणं हृदयाच्या एकट्याच्या आवाक्यातलं नसतं. तो पंप म्हणजे पोटरी. प्रत्येक पावलाला पोटरीचे स्नायू आवळतात, मधल्या शिरा पिळल्या जातात, रक्त वर जातं आणि शिरेतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. निश्चल उभं असताना घोट्याजवळच्या शिरेतला दाब सुमारे ९० मिलिमीटर पारा असतो. चालायला लागलं की थोड्याच पावलांत तो ३० च्या आसपास उतरतो.

आता आचारी पाहा. भट्टीपुढे बारा तास उभा, पण चालणं चार पावलांचं. न्हावी, वाहतूक पोलीस, धुळ्यातल्या यंत्रमागावरचा कामगार, दुकानातला विक्रेता, सगळ्यांचं तेच. पंप बंद आणि पाइप भरलेला. वर्षांमागून वर्षं तो दाब सोसून शिरा फुगतात. शीर रुंद झाली की झडपेची दोन पानं एकमेकांना पोचत नाहीत आणि व्हॉल्व गळायला लागतो. पोटरीवर निळसर, गाठाळ, नागमोडी शिरा दिसतात. खाली घोट्याजवळ दाब सगळ्यांत जास्त, म्हणून तिथल्या बारीक वाहिन्यांमधून लाल पेशी बाहेर झिरपतात. लाल पेशीत लोह असतं. पेशी फुटते, लोह कातडीत उरतं आणि हिमोसिडेरिन नावाच्या तपकिरी द्रव्याच्या रूपात साठतं. ओला खिळा शहाबादी फरशीवर राहून गेला की मागे तांबूस डाग उरतो, तसंच हे. त्यात सुजेमुळे मेलॅनिनची भर पडते. मग खाज सुटते, कातडी कडक आणि चकचकीत होते, आणि एखाद्या दिवशी आतल्या घोट्याच्या वर छोटं खरचटतं ते सहा-सहा महिने भरत नाही.

म्हणून हा तपकिरी रंग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. जखम होण्याच्या कितीतरी आधी तो सूचना देतो. डाग घालवायच्या मलमावर पैसे घालवण्यापेक्षा शिरांची डॉपलर सोनोग्राफी करून कुठली झडप गळते ते पाहावं. दर अर्ध्या तासानं टाचा उचलून पंचवीस वेळा चवड्यांवर उभं राहणं, रात्री पाय उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवणं, हे आचाऱ्यालाही जमतं. घट्ट वैद्यकीय मोजे गुण देतात, पण धमन्यांमध्ये अडथळा असेल तर तेच मोजे घात करतात, तेव्हा ते डॉक्टरांनी पाय तपासल्यावरच घालावेत. गळकी शीर लेझरनं किंवा शस्त्रक्रियेनं बंद करता येते, रक्त दुसऱ्या चांगल्या शिरांमधून वाट काढतं.

बोगस कच्चा माल

शिरपूरच्या त्या सुनेच्या पायावरच्या रेघा उन्हाच्या नव्हत्या. उन्हापासून झाकलेली जागा उजळ असते, पण तिला मूळ कातडीचा रंग असतो. हिची दुधासारखी पांढरी होती, कडा आखून काढल्यासारख्या.

मेलॅनिन बनवायला रंगपेशी टायरोसिन नावाचा कच्चा माल वापरते. काही रसायनं दिसायला टायरोसिनसारखीच असतात. पेशी त्यांना ओळखू शकत नाही. कापसाचं बोगस बियाणं खऱ्याच्या पिशवीतून आलं की शेतकरी फसतो, तशी ती फसते आणि त्या रसायनावर नेहमीची प्रक्रिया करते. पण तयार होतं ते मेलॅनिन नाही, पेशीला मारणारं विष. एकदा पेशी मरायला लागल्या की शरीराची संरक्षण यंत्रणाही उरलेल्यांना शत्रू समजू लागते.

हे पहिल्यांदा ध्यानात आलं ते १९३९ साली, अमेरिकेतल्या एका चामडं कमावण्याच्या कारखान्यात. कामगारांचे हात पांढरे पडत होते, नेमके रबरी हातमोज्यांच्या आकारात. रबर लवकर खराब होऊ नये म्हणून त्यात मिसळलेलं मोनोबेन्झोन हे त्याचं कारण निघालं. रबरी चपला आणि बुटांमुळे पायावर असे डाग आल्याचं आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवून ठेवलं आहे. कपाळावर चिकटणाऱ्या टिकलीच्या गोंदातल्या दुसऱ्या एका रसायनानं टिकलीच्याच मापाचा पांढरा ठिपका येतो, तोही याच जातीचा. प्रत्येकाला होत नाही, पण ज्याला होतो त्याच्या अंगावर त्या वस्तूचा नकाशा उमटतो.

ती चप्पल आधी बंद. पट्टा चामड्याचा किंवा कापडाचा घ्यायचा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायचं, कारण डाग पट्ट्याच्या बाहेर, हाता-तोंडावर जाऊ लागले तर ते कोड असू शकतं. रंग परततो तो केसांच्या मुळांपासून. तिथे रंगपेशींचं राखीव बियाणं असतं, म्हणून आधी बारीक काळे ठिपके दिसतात आणि ते पसरत जातात. पायाच्या बोटांवर केस कमी, म्हणून तिथे परतायला वेळ लागतो. कोड असो वा चपलेचा डाग, दोन्ही शिवल्यानं पसरत नाहीत, दूध-माशांशी त्यांचा काही संबंध नाही आणि बाईच्या वागण्याशी तर नाहीच. त्या सुनेनं पाय झाकले ते रसायनामुळे नव्हे, रांगेतल्या बोलण्यामुळे.

चौकट : घरी करण्याच्या चार परीक्षा

पुसून पाहा : ओल्या, साबणाच्या फडक्यानं रंग फडक्यावर आला तर तो वरून लागलेला.
दाबून पाहा : पारदर्शक काचेच्या ग्लासचा तळ डागावर दाबा. लाली क्षणभर नाहीशी झाली तर रक्त वाहिनीच्या आत आहे. नाहीशी झाली नाही तर ते बाहेर झिरपलेलं आहे किंवा रंग मेलॅनिनचा आहे.
स्पर्श करून पाहा : डोळे मिटायला सांगून कापसाचं टोक डागावर आणि शेजारच्या चांगल्या कातडीवर टेकवा. डागावर कळलं नाही तर लगेच तपासणी.
नाडी पाहा : अंगठा आणि दुसऱ्या बोटाच्या हाडांमध्ये, पायाच्या वरच्या बाजूला, तीन बोटं हलकेच ठेवा. ठोका सापडत नसेल आणि पाऊल गार असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

चिखल्या आणि ट्यूब

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पायाला चिकटला की सोडत नाही. बोटांच्या बेचक्यात, विशेषतः करंगळीशेजारी, कातडी पांढरी, भिजल्यासारखी होते, वास येतो, खाजतं. ही बुरशी. ती कातडीच्या मेलेल्या थरावर जगते आणि तिला ओल लागते. पाय धुऊन बेचक्या फडक्यानं कोरड्या करणं हा अर्धा उपचार, बुरशीनाशक मलम काही आठवडे लावणं हा उरलेला. मेडिकलवरून चिठ्ठीविना आणलेल्या ज्या ट्यूबनं दोन दिवसांत खाज थांबते, तिच्यात बहुधा स्टिरॉइड असतं. ते सूज दाबतं आणि बुरशीला रान मोकळं करून देतं. कातडी पातळ होते, फिकट पडते आणि बुरशी पसरून पुन्हा येते. मधुमेह असेल तर बेचक्यातल्या भेगेतून जंतू शिरून अख्खा पाय लाल, गरम आणि सुजलेला होऊ शकतो.

निळं आणि काळं

बोट निळं, जांभळं किंवा काळं पडणं म्हणजे रंगाचा नव्हे, रक्त पोचण्याचा प्रश्न. थंडीत पहाटे पाणी भरायला गेलेल्याची बोटं निळसर होतात आणि शेकोटीशी पूर्ववत होतात, ते ठीक. पण थोडं चाललं की तळपाय किंवा पोटरी आवळून येते, थांबलं की बरं वाटतं, पाय उचलला की पांढरा पडतो आणि लोंबता ठेवला की तांबूस-काळा होतो, तर धमनी अरुंद होत चालली आहे. तंबाखू हे त्याचं मोठं कारण. तरुण वयात बिडी ओढणाऱ्यांच्या हातापायांच्या धमन्या सुजून बंद होतात, हा रोग न्यूयॉर्कचे डॉक्टर लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये नीट वर्णन केला आणि त्यांच्याच नावानं तो ओळखला जातो. त्यात बिडी कमी करून भागत नाही, पूर्ण सोडावी लागते. बोट काळं पडल्यावर गरम पाण्यात पाय बुडवणं हा सगळ्यांत वाईट उपाय. उबेनं पेशींची रक्ताची मागणी वाढते आणि पुरवठा तर बंदच असतो.

तळपायावर किंवा नखाखाली काळा डाग आला आणि तो वाढतो आहे, त्याचा रंग सगळीकडे सारखा नाही, असं दिसलं तर वाट पाहू नये. ठेच लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर हळूहळू पुढे सरकतं. न सरकणारा, रुंदावणारा काळा पट्टा रंगपेशींचा कर्करोग असू शकतो. गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये तोच सापडला होता. आधी ती फुटबॉलची इजा वाटली होती. १९८१ मध्ये ते गेले.

एकाच पायात चप्पल

त्या दिवशी पंगत उठली, हात धुऊन माणसं मांडवाबाहेर पडू लागली. मी रिकामी बादली घेऊन मागे होतो. दाराशी एकच चप्पल उरली होती, उजवी. बाहेर पाहिलं तर गावातले एक नाना बैलगाडीच्या चाकोरीतून दुपारच्या उन्हात निघाले होते, डाव्या पायात चप्पल, उजवा अनवाणी. त्या फुफाट्यात पाय टेकला असता तर मी उडी मारली असती. त्यांना हाक मारून दाखवलं तेव्हा ते खाली पाहून म्हणाले, "अरे, निसटली वाटतं."

पंगतीत मी त्यांच्या पायाकडे पाहिलं होतं आणि पुढे सरकलो होतो. आता पाहिलं. नडगीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा फिकट, जरा लालसर, कोरडा चट्टा. पांढराशुभ्र नाही, म्हणून डोळ्यात भरत नाही. त्यावर केस नाहीत. सगळं अंग घामानं निथळत असताना तेवढी जागा सुकी. उपरण्याचं टोक फिरवलं तर त्यांना कळलं नाही.

कुष्ठरोगाचा जंतू कातडीबरोबर मज्जातंतूंमध्येही राहतो, म्हणून चट्टा बधिर होतो आणि घाम येत नाही. चट्टा दुखला असता तर नाना वर्षापूर्वीच दवाखान्यात गेले असते. २००५ च्या अखेरीस देशात दर १० हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण उरले, तेव्हापासून अनेकांना तो रोग संपल्यासारखा वाटतो. महाराष्ट्रात आजही दरवर्षी नवे रुग्ण सापडतात. उपचार सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो, सहा किंवा बारा महिन्यांचा, आणि औषध सुरू होताच थोड्याच दिवसांत रुग्णापासून लागण होण्याचा धोका उरत नाही. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे. गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही सुरुवात होते.

नानांना त्यांचा मुलगा दुसऱ्या सोमवारी घेऊन गेला. गोळ्यांच्या पाकिटातल्या एका औषधानं कातडी तांबूस-काळी होते, हे त्यांना आधीच सांगितलं होतं, त्यामुळे दोन महिन्यांनी चेहरा काळवंडला तरी त्यांनी गोळ्या सोडल्या नाहीत. औषध थांबलं की तो रंग हळूहळू उतरतो. मऊ रबराच्या, मागून पट्टा असलेल्या चपलाही मिळाल्या. दिवाळीत भेटलो तेव्हा ते ओट्यावर बसून, मांडीवर पाय घेऊन, दाढीचा आरसा तळपायाखाली धरून काटा-चीर आहे का ते बघत होते. तपासून झाल्यावर त्यांनी पट्टा ओढून बसवला आणि पाय झटकून पाहिला, चप्पल राहते का म्हणून.